दोन कोटेशन्स आणि सव्वातीन लाखांचा फरक : घराच्या कामासाठी काँट्रॅक्टर कसा निवडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९८ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचा टू बीएचके फ्लॅट, कार्पेट साधारण ६५० चौरस फूट. दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा, फरशी, वायरिंग, रंग आणि दोन वॉर्डरोब एवढं काम करून घ्यायचं आहे. एका काँट्रॅक्टरने ६ लाख २० हजार सांगितले, दुसऱ्याने ९ लाख ४५ हजार. पहिला निम्मे पैसे आगाऊ मागतोय, दुसरा टप्प्याटप्प्याने द्या म्हणतोय. घरात ७४ वर्षांची आई आहे, मे महिन्यात मुलाची मुंज आहे, आणि ‘दोघांपैकी कोण फसवतोय’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं हेच काम करतो. आधी साइट सुपरवायझर होतो, नंतर स्वतःची छोटी टीम उभी केली. म्हणजे मी काँट्रॅक्टरच आहे, आणि दोन्ही बाजूंनी काय काय बिघडतं ते पाहिलं आहे. तुम्ही जोडलेले दोन्ही कोटेशनचे फोटो नीट वाचले. माझ्या मते दोघांपैकी कोणीच अजून तुम्हाला फसवलेलं नाही. दोघांनी वेगवेगळ्या कामाचा भाव दिला आहे, एवढंच.

पहिल्याचा कागद एका पानाचा, सात ओळींचा. त्यात ‘बाथरूम रिनोव्हेशन, २ नग’ अशी एकच ओळ आहे. दुसऱ्याची चार पानं आहेत आणि शेवटी १८ टक्के जीएसटी जोडून ९ लाख ४५ हजार होतात. तो जीएसटी बाजूला काढला तर मूळ रक्कम ८ लाखांच्या आसपास येते. सव्वातीन लाखांतले सुमारे १ लाख ४४ हजार इथेच गेले. पहिल्याच्या कागदावर जीएसटीचा उल्लेख नाही. तो रकमेत धरला आहे, वरून लागणार आहे की बिलच मिळणार नाही, हे त्याला विचारा. छोटा काँट्रॅक्टर जीएसटीत नोंदलेला नसणं गैर नाही, पण ते आधी कळायला हवं.

उरलेला फरक बाथरूममध्ये दडला आहे. दुसऱ्याने लिहिलंय: जुन्या टाइल आणि संकमधला (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधला) कोबा काढणे, जुने जीआय म्हणजे लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे टाकणे, ड्रेनेज आणि नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) बदलणे, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, पाणी भरून चाचणी, मग टाइल. पहिल्याच्या मनात काय आहे ते त्याच्या एका ओळीवरून कळत नाही. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवायची असाही त्याचा अर्थ असू शकतो. बेडरूममध्ये जुनी फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर टाइलवर टाइल मी स्वतःही करतो. दारं थोडी तासावी लागतात, पण तोडफोड आणि राडारोडा वाचतो. बाथरूममध्ये मात्र तुमच्या इमारतीच्या वयाला ते करू नका. १९९८ च्या इमारतीत बाथरूमखाली साधारण नऊ इंच ते फूटभर खोल संक असतो, विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरलेला, आणि त्यातून जुने पाइप गेलेले असतात. वरून चकचकीत टाइल लावली तरी खालचा पाइप तितक्याच वर्षांचा राहतो.

म्हणून कोणाला निवडायचं ते ठरवण्याआधी एक काम तुमचं आहे. काय काय करायचं त्याची यादी तुम्ही स्वतः तयार करा आणि तीच दोघांना द्या. एक रविवार जाईल, पण पुढचे तीन महिने सोपे होतील. खोलीनुसार लिहा. बाथरूममध्ये टाइल किती उंचीपर्यंत, सात फूट की छतापर्यंत? ओट्याला ग्रॅनाइट किती इंच रुंद, खाली कडाप्पा की मॉड्युलर? राडारोडा कोण उचलणार? काम झाल्यावर सफाई कोणाकडे? जुनी दारं तीच राहणार का? तांत्रिक शब्द येत नसले तरी चालेल, साध्या भाषेत लिहा. चांगला काँट्रॅक्टर ती यादी वाचून तुम्हालाच उलट चार प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांवरून त्याची पारख होते.

कोटेशनमध्ये जिथे हमखास गफलत होते अशा तीन जागा सांगतो.

पहिली, टाइलचा बेसिक रेट. ‘टाइल बेसिक ४५ रुपये’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस फुटाला टाइलचा धरलेला भाव. तुम्ही दुकानात जाता, ८० रुपयांची टाइल मनात भरते. वेस्टेज धरून ७०० फूट माल लागला तर ३५ रुपयांच्या फरकाने २४,५०० रुपये वाढले. यात कोणी लबाडी केलेली नाही, पण ते पैसे तुमच्या बजेटात नव्हते. म्हणून आधी दुकानात जाऊन भाव बघून या आणि खरा आकडा कोटेशनमध्ये घालायला सांगा. दुसरी, इलेक्ट्रिकचे पॉइंट. पहिल्याने ‘वायरिंग कम्प्लीट’ लिहिलंय, दुसऱ्याने ५८ पॉइंट. कम्प्लीट म्हणजे किती? आणि पॉइंट म्हणजे नेमकं काय? एका बोर्डवरचं दुसरं सॉकेट कोणी वेगळं मोजतो, कोणी मोजत नाही. वायरची जाडी लिहून घ्या: लाइटला १.५, साध्या सॉकेटला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर. नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, यादीत असलीच पाहिजे. बाथरूममध्ये गीझर आणि ओले हात एकत्र येतात, तिथे हे पैसे वाचवायचे नसतात. तिसरी जागा वॉर्डरोब. सुतारकामाचं माप समोरच्या चौरस फुटांवर धरतात, सात बाय आठचा वॉर्डरोब म्हणजे ५६ फूट. त्यात ड्रॉवर, वरचा लॉफ्ट, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्या धरल्या आहेत की ‘एक्स्ट्रा’, हे विचारा. प्लायवर ‘१९ एमएम’ एवढंच लिहून चालत नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय घ्या. बेडरूममध्ये कोरड्या भिंतीला कमर्शियल चालतो. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. माल उतरताना शिक्का बघा. कापल्यावर शोधाल तर सापडणार नाही.

आता माणूस कसा पारखायचा. बहुतेक जण पूर्ण झालेल्या घरांचे फोटो बघतात. नवीन झालेलं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. मी सांगेन, त्याची चालू साइट बघायला जा, शक्यतो न कळवता. आत गेल्यावर बाथरूममधल्या नहाणीच्या तोंडाकडे बघा. तिथे गोणपाट किंवा प्लास्टिक घट्ट कोंबलेलं आहे की तोंड उघडं आहे? उघडं असेल तर सिमेंटचं पाणी आणि टाइलचा चुरा पाइपमध्ये जातोय, आणि सहा महिन्यांनी पाणी तुंबल्यावर त्याचा दोष कोणाला द्यायचा ते कोणालाच कळणार नाही. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर टेकवल्यात की फळीवर रचल्यात? गोणीवर कोणता आठवडा आणि साल छापलंय? तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट मी माझ्या साइटवर येऊ देत नाही. मिस्त्री जागेवर आहे का, की दोन बिगारी मोबाइल बघत बसलेत? अशा दहा मिनिटांत जे कळतं ते शंभर फोटोंतून कळत नाही.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एक घर बघायला मागा. शक्य झालं तर त्या घराच्या खालच्या फ्लॅटमध्ये डोकावून बाथरूमचं छत बघा. ही विनंती थोडी संकोचाची आहे खरी, पण आपल्याकडे शेजारी अशा बाबतीत मोकळेपणाने बोलतात. छतावर ओल नसेल तर त्या माणसाचं वॉटरप्रूफिंग किमान दोन पावसाळे टिकलं, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आणखी एका ठिकाणी चौकशी करा, जिथे सहसा कोणी करत नाही: ज्या हार्डवेअरवाल्याकडून तो माल उचलतो तिथे. तुमच्या भागातल्या दोन-तीन दुकानदारांना सहज विचारा, ‘यांचा हिशोब कसा आहे?’ काँट्रॅक्टरकडे उधारी चालतेच, माझीही चालते. पण उधारी महिनोन्‌महिने थकत असेल तर तुमचे आगाऊ पैसे तुमच्या घरात येणार नाहीत. ते आधीच्या साइटचा माल आणि मजुरी भागवायला जातील, मग तुमचा माल उचलायला तो पुढच्या माणसाचा अ‍ॅडव्हान्स शोधेल. काम अर्ध्यावर थांबण्याची बहुतेक प्रकरणं मी अशीच झालेली पाहिली आहेत. माणूस बहुधा वाईट नसतो, त्याचे पैसे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरत असतात आणि कुठेतरी साखळी तुटते.

म्हणूनच पन्नास टक्के आगाऊ देऊ नका. पहिला काँट्रॅक्टर चोर आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे नेहमी कामाच्या थोडे मागे असले पाहिजेत. फार मागेही नकोत, कारण मजुरांना दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, आणि जो मालक महिनाभर हात आखडतो त्याच्या साइटवरून चांगला मिस्त्री दुसरीकडे जातो. मी माझ्या ग्राहकांशी असं ठरवतो: सुरुवातीला १० टक्के. तोडफोड होऊन, भिंतीत झिऱ्या पाडून पाण्याचे आणि वायरिंगचे पाइप टाकून झाले की २० टक्के. बाथरूमची पाण्याची चाचणी पास झाली की २० टक्के. टाइल आणि ओटा झाला की २०, सुतारकाम आणि रंगाचा पहिला हात झाला की २०. उरलेल्या १० टक्क्यांतले निम्मे ताबा देताना, बारीकसारीक त्रुटींची यादी पूर्ण झाल्यावर, आणि निम्मे तीन महिन्यांनी. आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात. दारं-खिडक्या आधी बनवून घ्यायच्या असतील तर सुरुवातीची रक्कम वाढते. पण प्रत्येक हप्ता तारखेला न बांधता डोळ्यांनी दिसणाऱ्या कामाला बांधा. पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यानेच मनाई आहे, आणि उद्या वाद झाला तर बँकेची नोंदच तुमच्या हातात राहते.

माल कोण आणणार, यावर माझं मत ठाम आहे. जे भिंतीच्या आत किंवा टाइलच्या खाली जातं ते सगळं काँट्रॅक्टरने आणावं, ब्रँड आणि ग्रेड कोटेशनमध्ये लिहून: सिमेंट, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल. जे डोळ्यांना दिसतं ते तुम्ही आणा: टाइल, नळ आणि बाकीची चकचकीत फिटिंग, कमोड, बेसिन, दिवे. वॉटरप्रूफिंगचं केमिकल तुम्ही आणून दिलंत आणि गळती झाली तर तो म्हणेल माल खराब होता, दुकानदार म्हणेल लावणाऱ्याने चूक केली, आणि मध्ये तुम्ही उभे. जबाबदारी एकाच हातात असू द्या. टाइल घेताना सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना ते दुकानातच तपासा, आणि चार-पाच बॉक्स जास्त घ्या. तीच शेड वर्षभराने मिळत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट, पाण्याची चाचणी.

२००९ साली सिंहगड रोडला एका घराचं काम केलं होतं. गणपती आठ दिवसांवर होते आणि मालकांना घर हवं होतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं होतं, पण पाणी भरून दोन दिवस थांबायला वेळ नव्हता. मी चाचणी न करता टाइल लावल्या. निर्णय माझा होता. दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला, बाथरूमच्या छताचा रंग फुगला होता. गळती नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी होती, वीतभर जागेत. त्यासाठी अख्ख्या बाथरूमच्या टाइल फोडाव्या लागल्या, बाळ असलेल्या त्या कुटुंबाचं पंधरा दिवस एकाच बाथरूमवर भागवणं झालं, आणि सगळा खर्च मी केला. खर्चापेक्षा त्या आजोबांचा शांत आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर माझ्या साइटवर चाचणीशिवाय एकही टाइल लागलेली नाही.

ती कशी करतात ते नीट समजून घ्या, म्हणजे तुम्हाला स्वतःला बघता येईल. वॉटरप्रूफिंगचे कोट पूर्ण वाळू द्यायचे. ते जमिनीवर आणि भिंतीवर किमान फूटभर चढवलेले असावेत, आंघोळीच्या कोपऱ्यात त्याहून जास्त. मग नहाणीच्या तोंडात फडकं घट्ट कोंबून बंद करायचं, उंबऱ्याला विटेची छोटी आड घालायची आणि तीन-चार इंच पाणी भरायचं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ, शेजारी तारीख आणि वेळ. त्याच खोलीत अर्धी बादली पाणी भरून ठेवायची आणि बादलीच्या आतल्या बाजूला तशीच रेघ मारायची. थोडं पाणी हवेत उडून जातंच. बादलीतली पातळी जेवढी उतरली तेवढीच जमिनीवरची उतरली असेल तर काळजी नाही. जमिनीवरची जास्त उतरली असेल तर पाणी कुठेतरी मुरतंय. ४८ तास थांबायचं. रोज एकदा खालच्या घरी जाऊन छताला तळहात लावून बघायचं, कारण डाग दिसायच्या आधी गारवा कळतो. तुमच्या खालच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ते खुशीने येऊ देतील, त्यांच्याच भल्याचं आहे.

याच्या आधी पाण्याच्या नव्या पाइपलाइनचीही प्रेशर पंप लावून चाचणी घ्यायला सांगा. आणि भिंती बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, त्यात मेजरिंग टेप धरून: कोपऱ्यापासून पाइप किती इंचावर, जमिनीपासून वायर किती उंचीवर. पाच वर्षांनी आरसा लावायला ड्रिल मारताना तो फोटो तुम्हाला सापडला पाहिजे.

इथपर्यंतचं थोडक्यात: यादी तुमची, तीच दोघांना, चालू साइट आणि दोन वर्षं जुनं घर बघणं, पैसे कामाच्या किंचित मागे, झाकलं जाणारं काम झाकण्याआधी तपासणं. आता सोसायटी, रोजचं काम आणि मुंज.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. कामाच्या वेळा, लिफ्टने माल न्यायचा की नाही, डिपॉझिट, राडारोडा कुठे ठेवायचा, हे सगळं प्रत्येक सोसायटीचं वेगळं असतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, अपेक्षित आहे आणि तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा. तुमच्या सोसायटीचा अहवाल असेल तर मागून वाचा. कॉलम आणि बीमला कोणीही हात लावू नये, एसीच्या पाइपसाठी बीममध्ये छिद्रसुद्धा नाही. हॉल आणि बेडरूममधली भिंत काढायची इच्छा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. काँट्रॅक्टरचं ‘काही होत नाही साहेब’ तिथे पुरेसं नाही. बाथरूमची जागा बदलून संकच्या बाहेर नेऊ नका, खाली कोणाची तरी बेडरूम असते.

काम सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त घोटाळा सूचनांचा होतो. सकाळी तुम्ही सांगता बेसिन डावीकडे, दुपारी वहिनी येऊन सांगतात उजवीकडे, संध्याकाळी आई म्हणते पूर्वी होतं तिथेच बरं होतं. फिटर बिचारा शेवटच्या माणसाचं ऐकतो. घरात काय चर्चा करायची ती करा, पण साइटवर एकाच माणसाने बोलायचं, आणि तेही मिस्त्रीशी किंवा काँट्रॅक्टरशी, बिगाऱ्याशी नाही. कोणताही बदल झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ: काय बदललं, किती पैसे वाढले किंवा कमी झाले, किती दिवस वाढले. काम करण्याआधी काँट्रॅक्टरने ‘ओके’ लिहायचं. बदल होणारच, माझ्या एकाही साइटवर ते टळलेले नाहीत. भांडण बदलामुळे होत नाही, शेवटी एकदम निघणाऱ्या ‘एक्स्ट्रा’च्या यादीमुळे होतं.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं जा. टाइल लागल्यानंतर दुसऱ्या दिवशी एखाद्या नाण्याने प्रत्येक टाइल हलकेच वाजवा, विशेषतः कोपरे. पोकळ आवाज आला तर खडूने फुली करा. बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते नहाणीकडे पळतं की दारापाशी रेंगाळतं ते बघा. ढाळ चुकला असेल तर सांध्यात ग्राउट भरण्याआधीच सुधारता येतो. आणि कामगारांसाठी पिण्याचं पाणी व वापरायला एक शौचालय ठेवा. तुमच्याकडे दोन बाथरूम आहेत, म्हणून दोन्ही एकदम फोडू नका. जी माणसं तुमच्या भिंतीत पुढची वीस वर्षं राहणारं काम करताहेत त्यांना दुपारी चहा मिळाला तर तो खर्च मी कधीच जास्त मानलेला नाही.

वेळेबद्दल. मुंज मे महिन्यात आहे आणि आत्ता पावसाळा चालू आहे. आत्ता सुरू करू नका. पावसात पुट्टी आणि रंग वाळत नाही, आणि गणपती, दसरा, दिवाळी अशी कामगारांची जा-ये चालू राहते. आपल्याकडचे बरेच सुतार, फिटर आणि रंगारी राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडचे असतात. दिवाळीला गेलेली माणसं छठपूजा आटोपून परततात, आणि पुन्हा होळीला घरी जातात. मधला सलग काळ साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. तुमच्या कामाला मी दहा आठवडे धरेन. म्हणजे दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यादी, टाइल, परवानगी आणि करारनामा पूर्ण करा. मुंजीची तारीख काँट्रॅक्टरला सांगा, पण करारात फेब्रुवारीच लिहा.

करारनामा म्हणजे फार काही नाही, साध्या कागदावर दोघांच्या सह्या: कामाची यादी, रक्कम, हप्ते, कालावधी, आणि गळतीची जबाबदारी किती वर्षं. वॉटरप्रूफिंगसाठी मी तीन वर्षं लिहून देतो. एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही ‘रेरा’चा उल्लेख केला आहे. रेरा हा कायदा बिल्डरने विकलेल्या प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या घरातल्या दुरुस्तीचा काँट्रॅक्टर त्यात येत नाही. त्याच्याविरुद्ध दाद मागायची वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण ती वेळ येऊ नये. तो मध्येच काम सोडून गेला तर आधी शांतपणे झालेल्या कामाचं माप घ्या, फोटो काढा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, लेखी कळवा आणि मग दुसरा माणूस लावा. मोजमाप न घेता दुसऱ्याने हात लावला की काय कोणी केलं ते सिद्ध करणं फार अवघड होतं.

मग दोघांपैकी कोण? आज माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण त्याने चार पानांत त्याला काम कळल्याचं दाखवलंय आणि पाण्याच्या चाचणीचा उल्लेख स्वतःहून केलाय. पण पहिल्याला सोडून देऊ नका. त्याला तुमची यादी द्या आणि त्याच कामाचा भाव मागा. हाताने उत्तम काम करणाऱ्या बऱ्याच माणसांना लिहायची सवय नसते. तो सात-साडेसात लाखांवर आला, हप्त्यांना तयार झाला आणि त्याची चालू साइट स्वच्छ निघाली, तर तोही चालेल. यादी बघून तो ‘एवढं कशाला लिहायचं, विश्वास ठेवा’ म्हणाला, तर मात्र नमस्कार करा.

आई. तोडफोडीचे आणि टाइलचे पहिले पाच-सहा आठवडे त्यांना त्या घरात ठेवू नका, धूळ आणि आवाज दोन्ही त्या वयाला झेपत नाहीत. नातेवाइकांकडे किंवा जवळपास दोन महिने भाड्याने सोय करा आणि ते भाडं आजच बजेटात धरा. त्यांच्या बाथरूमला मॅट टाइल घ्या, उंबरा ठेवू नका, ढाळ थोडा जास्त द्या. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी धरायला बार लावायचे असतील तर ते प्लंबरला टाइलच्या आधीच सांगा, म्हणजे त्या जागेतून पाइप जाणार नाहीत. उंची कोणत्याही कॅटलॉगवरून घेऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी आईंना एकदा जुन्या कमोडवर बसवा, उठताना त्यांचा हात आपोआप जिथे भिंतीला टेकतो ती उंची टेपने मोजा आणि यादीत पहिल्या ओळीवर लिहा.